शिडी चढण्याआधी

बापू, पगाराचा तक्ता तू वाचलास, रजेचे नियम वाचलेस, क्वार्टर मिळेल का तेही विचारून घेतलंस. जबाबदारीचं कलम वाचलंस का? ते कोणी वाचत नाही. धामणगावचं पोट्टं मुंबई बंदरात पायलट झालं म्हणून इथं पेढे वाटून झाले, आणि निम्म्या गावाची समजूत आहे की तू विमान चालवणार. असू दे. जहाज कसं वळवायचं ते मी तुला सांगणार नाही. इतकी वर्षं समुद्रावर काढून तू मास्टरचं सर्टिफिकेट मिळवलंस. मी गोदीत पायलटेजची बिलं काढत निवृत्त झालो. पण भांडण कुठून सुरू होतं हे ब्रिजवरच्यापेक्षा बिलाच्या टेबलावरच्याला आधी दिसतं. तेवढं सांगतो. त्यात काही आमच्या आबाजींचंही आहे. ते कापसाच्या बाजारात मापारी होते. त्यांनी जन्मात जहाज पाहिलं नाही, पण परवान्याच्या माणसाचा पाय कुठं घसरतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आधी १९०८ चा भारतीय बंदर कायदा काढ. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. त्याची कलमं तुला परीक्षेसाठी पाठ करावीच लागतील, पण मूळ जुन्यात आहे. १९०८ च्याही मागं १८८९, १८७५, १८५५ असे इंग्रजांचे बंदर कायदे आहेत. प्रत्येक वेळी पुस्तक नवं झालं, मुद्दा तोच राहिला. १९०८ च्या कायद्याचं कलम ३१ म्हणतं की ज्या बंदराला हे कलम लागू केलं आहे तिथं २०० टन किंवा त्याहून मोठं जहाज पायलट, हार्बर मास्टर किंवा त्याचा मदतनीस जहाजावर असल्याशिवाय आत येणार नाही, बाहेर जाणार नाही, जागचं हलणारही नाही. रीतसर मागणी करूनही पायलट मिळाला नाही, असं असेल तर मास्टर सुटतो. कलम ३५ फी घ्यायचा अधिकार देतं. कलम ४२ सांगतं की बंदराचे पैसे दिले नाहीत तर जहाजावर जप्ती आणून ते विकताही येतं. कलम ४३ सांगतं की पैसे भरल्याशिवाय बंदर सोडायचा परवाना नाही.

इथवर सगळे वाचतात. आता पुन्हा ३१ वर ये. पायलट घ्यायची सक्ती केली आहे म्हणून जहाजाचा मालक किंवा मास्टर सुटला असं समजायचं नाही, असं त्यातच लिहून ठेवलं आहे. पायलट घेतलाच नसता तर नुकसानीला तो जितका जबाबदार धरला गेला असता, तितकाच पायलट घेतल्यावरही धरला जाईल. म्हणजे बघ, सक्ती सरकारची, माणूस बंदराचा, फी जहाजाची, आणि धक्क्याला ठोकर बसली तर भरपाईही जहाजाचीच! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, इंग्रज व्यापाऱ्यानं आपली तिजोरी सांभाळायला केलेली ही चलाखी आहे. ती आहेच. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. त्याच्या बोर्डावर व्यापाऱ्यांच्या चेंबरनं पाठवलेली माणसं बसत. बोर्डावर जो बसतो तो आपल्या खिशाकडं बघूनच नियम करतो. पण त्या कलमाचा एक फायदा तुझ्याही पदरात पडतो. तू ब्रिजवर आलास म्हणून मास्टर झोपायला जात नाही.

आबाजींच्या बाजारातही नेमकं हेच होतं, म्हणून मला ते कलम लवकर उमगलं. वऱ्हाड होतं निजामाचं, १८५३ च्या तहानं कारभार इंग्रजांकडं आला. त्यामुळं इथला कापसाचा कायदा कलकत्त्याच्या कौन्सिलातून न येता हैदराबादच्या रेसिडेन्सीतून आला. १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमाखाली आणला, देशातला तो पहिला म्हणतात. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा. दलाल, मापारी सगळे परवान्याचे झाले, बाजाराची फी ठरली, व्यापाऱ्यांच्या मनमानी कटत्या बंद झाल्या. चांगलंच केलं. पण बाजार चालवणारी कमिटी व्यापाऱ्यांचीच! यवतमाळकडून रात्रभर बंड्या हाकत कास्तकार धामणगावच्या स्टेशनापर्यंत कापूस आणायचा. मापारी घेणं त्याला भाग, मापाईची झळ त्यालाच, आणि काटा खाली-वर झाला तर मार खाणाराही तोच. कमिटीवर कास्तकाराची माणसं हवीत, हे शेतीच्या रॉयल कमिशनला १९२८ मध्ये म्हणावं लागलं. तोवर तीस वर्षं उलटली होती.

आबाजींचा यावरचा उपाय साधा होता. ते म्हणायचे, "काटा बजाराचा, कापूस कास्तकाराचा, आपला फक्त आवाज. तो चढा ठेवाचा." पहिल्या तोलाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. पण असं म्हणायचं की बंडीवर बसलेल्या कास्तकाराला, अडत्याच्या मुनिमाला आणि घेणाऱ्याच्या माणसाला, तिघांनाही एकाच वेळी ऐकू गेलं पाहिजे. पुटपुटणाऱ्या मापाऱ्यावर दोन्हीकडून संशय येतो. त्यांच्या हातून एकही तोल गुपचूप झाला नाही, म्हणून परवान्यावर डाग नाही.

ब्रिजवर तू हेच करायचं. हुकूम मोठ्यानं दे, सुकाणूवरच्यानं तो परत म्हटला पाहिजे, आणि त्यानं केलं ते सुकाणूच्या काट्यावर डोळ्यांनी बघितलं पाहिजे. तो फिलिपिनो असेल, युक्रेनचा असेल, रत्नागिरीचा असेल. इंग्रजी प्रत्येकाची वेगळी. टगवाल्याशी तू हिंदी-मराठीत बोलशील तेव्हा मास्टरला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि जबाबदारी मात्र त्याची आहे. म्हणून टगला जे सांगितलंस ते लगेच त्याला इंग्रजीत सांग. यात कमीपणा नाही. जहाजाच्या लॉगमध्ये जुनी रीत आहे, 'मास्टरचे हुकूम, पायलटचा सल्ला' असं लिहायची. प्रत्यक्षात हुकूम तूच देत असतोस, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण कागदावर तू सल्लागार आहेस हे विसरलास तर चौकशीच्या दिवशी आठवण करून देणारे पुष्कळ भेटतील. पनामा कालव्यात जहाजाची हालचाल पायलटाच्याच ताब्यात जाते. तिथला पाहुणा कॅप्टन तसल्या गोष्टी सांगायला लागला तर हसून ऐक आणि आपलं काम कर.

वर गेल्या गेल्या रडारला चिकटू नको. आधी मास्टरला नमस्कार, मग पायलट कार्ड माग, मग त्यालाच विचार की इंजिन मागं घ्यायला किती वेळ लागतो, काय दुखतंय का. दुखणं असलं तर मास्टर ते आपणहून सांगत नाही. सरळ विचारलं तर खोटंही सहसा बोलत नाही. आणि पोटात काय आहे ते विचार. कागदावर येतं म्हणशील. १९४४ मध्येही कागदावर होतंच. 'फोर्ट स्टिकिन' १२ एप्रिलला मुंबईत आलं, पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि वरून कराचीला भरलेल्या कापसाच्या गठाणी. कापूस आणि दारूगोळा एका पोटात! आपल्याकडं जिनात बिडी पेटवणाऱ्याच्या थोबाडीत बसते. धोक्याच्या मालाची लाल निशाणीही त्या जहाजानं लावलेली नव्हती. १४ तारखेला दुपारी व्हिक्टोरिया गोदीत धूर दिसला. जहाज बाहेर न्यायचं की जागीच बुडवायचं, हुकूम कोणी द्यायचा, यात वेळ गेला, आणि चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली. लढाईच्या धामधुमीत निशाणी लावत नसत, असंही कोणी सांगेल. तुझ्या वेळी लढाई नाही. विचारायला दहा सेकंद लागतात.

आता बिलाचं. फी जहाजाच्या टनेजवर लागते, आणि हे टनेज म्हणजे वजन नाही, जहाजाच्या पोटातल्या जागेचं माप आहे. जहाज रिकामं आलं काय, भरलेलं आलं काय, आकडा तोच. पण तुझा धोका टनेजमध्ये नाही, ड्राफ्टमध्ये आहे. म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय. मास्टर सांगतो तो ड्राफ्ट, एजंटानं कळवलेला ड्राफ्ट आणि पाण्यानं दाखवलेला ड्राफ्ट, हे तीन आकडे निराळे निघालेले मी कागदावर पाहिले आहेत. जुन्या कायद्यात कलम ४० मुद्दाम यासाठीच आहे. जहाज किती बुडालंय ते मोजायचा अधिकार बंदराला दिलेला आहे. तू मोजणी मागायची वाट बघू नको. लाँच जहाजाकडं वळते तेव्हा पुढच्या टोकाचे आणि मागच्या टोकाचे आकडे स्वतः वाच. मीटरचे आकडे १० सेंटिमीटर उंचीचे असतात, आणि आकड्याची खालची कड म्हणजे ते माप. पाणी आकड्याच्या मध्यावर असेल तर ५ सेंटिमीटर जास्त धर. लाट असली तर वरचं आणि खालचं पाहून मधलं घे. रात्री लाँचवाल्याला दिवा त्या बाजूला मारायला सांग; तो कुरकुरेल, तरी मारेल. आणि कमी पाण्यात वेग वाढवलास की जहाज आणखी खाली बसतं, हे तुला मी काय सांगावं!

टनेज मात्र सर्टिफिकेटवरूनच लिहायचं, तोंडी नाही. मास्टर फीचा वाद काढायला लागला तर तू दरावर एक शब्द बोलू नको. परदेशी फेरीच्या जहाजाचा दर डॉलरमध्ये, किनाऱ्यावरच्या जहाजाचा रुपयांत आणि कमी. ते छापील दरपत्रक आहे. आधी दर ठरवायला १९९७ पासून दिल्लीचं प्राधिकरण होतं, २०२१ च्या कायद्यानंतर मोठी बंदरं स्वतः ठरवतात. एजंटाला ऑफिसात पाठव. आमची माणसं त्यासाठीच बसलेली असतात.

तुझ्या हातात फक्त एक गोष्ट आहे: चिठ्ठी. त्यावर कधी चढलास, कधी उतरलास, ड्राफ्ट किती, टग किती लागले, एवढं आलं पाहिजे. आणि धक्का बदलायचा असेल तर कोणाच्या सोयीनं, हे आलंच पाहिजे. माझ्या टेबलावरची निम्मी भांडणं याच एका ओळीवरून व्हायची. एकदा आत आणणं आणि एकदा बाहेर नेणं फीमध्ये धरलेलं असतं. मध्ये जहाज जागा बदलतं ते बंदराच्या सोयीनं असेल तर पैसे नाहीत, जहाजाच्या किंवा मालवाल्याच्या सोयीनं असेल तर वेगळे. त्या वेळी सगळ्यांना माहीत असतं की जागा का बदलली. तीन महिन्यांनी बिलावर हरकत येते तेव्हा कोणालाच आठवत नाही, आणि पायलट सांगतो, "मला तर कंट्रोलनं सांगितलं." कंट्रोलनं का सांगितलं ते लिही बाबा! एक ओळ. तुझ्या एका ओळीनं टेबलावरच्या माणसाची चार पत्रं वाचतात. पैसे घेणाऱ्यानं पावती दिलीच पाहिजे, हेही जुन्या कायद्यात कलम ३८ म्हणून आहे, आणि चिठ्ठी ही त्या पावतीची आई.

बक्षिसीचं बोलायला नको खरं, पण बोलतो. सुएझ कालव्याला खलाशी सिगारेटच्या एका ब्रँडच्या नावानं ओळखतात, ते तू ऐकलं असशील. मुंबईतही कोणी पाकीट पुढं करेल, कोणी बाटली. चहा घे, जेवायची वेळ असेल तर जेव. त्यापुढं काही नको. वऱ्हाडच्या बाजारात कायद्यानं कटत्या बंद केल्या तेव्हा त्यांनी नावं बदलली: धर्मादाय, गोशाळा, नमुना. मूठभर रुईचा नमुना घेऊन घेऊन संध्याकाळी एकेकाच्या घरी गादी भरायची. आबाजी नमुन्याचा कापूस परत बंडीतच टाकायचे, आणि लोक त्यांना येडं म्हणायचे. येडं म्हणू दे.

आणि सुएझचं नाव निघालंच तर दुसरीही गोष्ट ऐक. १९५६ मध्ये नासेरनं कालवा ताब्यात घेतला. सप्टेंबरात परदेशी पायलट एकदम काम सोडून गेले. कंपनीला वाटलं, आता कालवा बंद पडणार, हे काम दुसऱ्या कोणाला जमणारच नाही. इजिप्तच्या मूठभर पायलटांनी आणि बाहेरून आलेल्या थोड्यांनी जहाजं चालू ठेवली. कलकत्त्याला बंगाल पायलट सर्व्हिसचा तोरा असाच होता. हुगळीतून शे-सव्वाशे मैल जहाज न्यायचं म्हणजे खेळ नाही, तोरा शोभायचा. मुंबईचं बंदर निसर्गानंच दिलेलं. इथं तोरा मिरवायला जागा कमी, आणि ते बरंच आहे.

भरतीच्या बाबतीत एजंटाचं ऐकू नको. प्रिन्सेस डॉक १८८० चा. तो आणि व्हिक्टोरिया या गोद्यांची दारं भरतीच्या सुमारासच उघडायची. १९१४ ची अलेक्झांड्रा, आताची इंदिरा गोदी, तिला लॉक आहे, म्हणून लोकांना वाटतं आता पाण्याची वाट बघायला नको. लॉक ७५० फूट लांब, १०० फूट रुंद. आत पाणी सांभाळलेलं असतं, पण लॉकपर्यंत जहाज समुद्राच्या पाण्यातूनच यायचं. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं, भांगाला तेवढं चढत नाही. एजंटाचा फोन येतो की क्रेन बुक आहे, मजूर बसून आहेत, एवढं घ्या साहेब. मजूर बसून राहिले तर त्याचं बिल होतं. जहाज गाळात बसलं तर चौकशी होते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, आणि काही दिवस मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी क्रेनचा हिशेब कोणी मागत नाही.

शिडीचं सगळ्यात शेवटी सांगतो, कारण तुझ्या मामीला काळजी फक्त तीच आहे. शिडी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला लावली नसेल तर लाँच लावू देऊ नको. जहाजाला थोडं वळून आडोसा करायला सांग. पाण्यापासून वरपर्यंत चढ ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, वरून जहाजाची शिडी जोडलेली पाहिजे. खालच्या चार पायऱ्या रबराच्या असतात, तिरप्या बसल्या असतील तर पाय टाकू नको. शिडी डेकवर कशाला बांधली आहे ते खालून दिसत नाही, म्हणून वरच्या अधिकाऱ्याला ओरडून विचार, आणि तो अधिकारी तिथं नसेल तर चढूच नको. लाँच लाटेवर पूर्ण वर येते त्या क्षणी पकड. दोरच पकडायचे, पायऱ्या नाही. अंगठी काढून ठेव. बॅग पाठीवर घेऊ नको, दोरीनं वर जाऊ दे. शिडी वाईट दिसली तर परत फिरायचा हक्क तुझा आहे, आणि त्यापायी झालेल्या उशिराचं भांडण आमच्या टेबलावर येऊ दे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरच्या पाण्यात हे रोजचंच आहे.

उतरताना जास्त जपून. काम झालेलं असतं, डोकं घरी पोचलेलं असतं. मास्टरची सही चिठ्ठीवर ब्रिजवरच घे, शिडीच्या तोंडाशी नाही. आणि ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेव, हातात धरून उतरू नको.